‘समजलं का?’ ‘हो सर!’

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझं गणित कच्चं आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. बी.ए. झालो तो मराठी घेऊन, आणि मराठी घेण्यामागचं एक कारण असं की त्या वाटेवर पुन्हा गणित भेटणार नव्हतं. तेव्हा हा गृहस्थ आज गणिताच्या वर्गावर बोलणार म्हटल्यावर मला ओळखणारे हसतील. हसू द्या. मी गणित शिकवायला बसलेलो नाही. गणिताच्या वर्गातल्या पोरांना शिकवण्याची पद्धत पसंत पडली की नाही, हे माणसांनी कसंकसं मोजलं, त्याची गोष्ट सांगणार आहे. त्या वर्गात मी दहा वर्षं काढली आहेत, तीही मागच्या बाकावर.

आमच्या शाळेत गणिताचे सर फळा भरून उदाहरण सोडवायचे, हातावरचा खडू झटकायचे आणि मागे वळून विचारायचे, “समजलं का?” साठ पोरं एका सुरात ओरडायची, “हो सर!” मला समजलेलं नसायचं. शेजारच्यालाही नसायचं. पण त्या ‘हो सर’मध्ये आमचा आवाज सगळ्यांत मोठा असे, कारण हळू बोलणाऱ्याकडे सरांचं लक्ष जायचं.

हे आठवायला कारण घडलं माझ्या भाचीमुळे. ती माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकते. परवा रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर अंगठा फिरवत बसली होती. विचारलं तर म्हणाली, कॉलेजचा फॉर्म भरतेय. त्यांच्या गणिताच्या सरांनी या सत्रात ‘फ्लिप्ड क्लासरूम’ सुरू केली आहे. सोप्या मराठीत उलटा वर्ग. सर वर्गात धडा शिकवत नाहीत. धड्याचा व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवतात, पोरांनी तो घरी पाहायचा आणि एरवी घरी करायची ती उदाहरणं वर्गात बसून सोडवायची. सर बाकांमधून फिरत अडलेल्याला मदत करतात. आता सत्र संपता संपता फॉर्म आला आहे. ‘ही पद्धत मला उपयुक्त वाटते’, ‘ही पद्धत वापरणं मला सोपं जातं’, ‘पुढेही याच पद्धतीने शिकायला मला आवडेल’ अशी विधानं, आणि प्रत्येकासमोर एक ते पाच असे गोल. एक म्हणजे अजिबात मान्य नाही, पाच म्हणजे पूर्ण मान्य.

मी चष्मा लावून पाहिलं. बाईसाहेबांनी वरपासून खालपर्यंत चार-चार-चार असं भरलं होतं.

“सगळीकडे चारच?”

“पाच दिले तर खोटं वाटतं, मामू. तीन दिले तर सर विचारतात.”

“पण नाव कुठं लिहायचंय?”

“नाव नाही. ईमेल जातो.”

म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांत ‘हो सर’चा फक्त आवाज बंद झाला होता. मला राहवलं नाही. हा उलटा वर्ग आला कुठून, आणि हे एक ते पाचचं माप कुणी काढलं, याचा शोध घेत बसलो.

उलट्या वर्गाची जन्मकथा बहुतेक ठिकाणी एकच सांगतात. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डोंगराळ भागात वुडलँड पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक. शाळेची मुलं खेळांच्या सामन्यांसाठी लांब लांब जायची आणि त्यांचे तास बुडायचे. २००७ मध्ये या दोघांनी आपले पाठ ध्वनिचित्रित करून ठेवायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की हजर असलेली मुलंही ते पाहतात. तेव्हा त्यांनी पाठ घरी पाठवून दिला आणि घरचा अभ्यास वर्गात आणला.

गोष्ट छान आहे आणि खरीही आहे. पण ओहायो राज्यात मायामी नावाचं एक विद्यापीठ आहे (फ्लोरिडातल्या मायामी शहराशी त्याचा संबंध नाही, माझी आधी फसगत झाली). तिथल्या लेज, प्लॅट आणि ट्रेलिया या तीन अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्ग उलटा करण्याविषयीचा लेख २००० मध्येच छापला होता. तेव्हा मोबाइल व्हिडिओ कुठले? त्यांनी व्हिडिओ कॅसेट वापरल्या. मुलांना पसंत पडलं का, हेही त्यांनी विचारलं होतं आणि बहुतेकांनी पसंती कळवली होती.

आणि खरं मूळ तर याहून पावणेदोनशे वर्षं मागे आहे, तेही गणिताच्याच वर्गात. तिथं जरा थांबू या.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट ही अमेरिकेची सैनिकी अकादमी. १८१७ मध्ये सिल्व्हेनस थेअर हे तिचे प्रमुख झाले आणि १८३३ पर्यंत राहिले. त्याआधी दोन वर्षं ते युरोपात राहून फ्रान्सच्या नामांकित तांत्रिक विद्यालयाची व्यवस्था बघून आले होते आणि येताना सुमारे हजार पुस्तकं घेऊन आले होते. त्यांनी घालून दिलेला क्रम असा. धडा छात्राने आदल्या रात्री स्वतः पुस्तकातून शिकून यायचा. वर्गात शिक्षक व्याख्यान देणार नाही. बारा-पंधरा जणांची तुकडी, भिंतींना फळे, ज्याने त्याने फळ्यापाशी जायचं, दिलेलं उदाहरण सोडवायचं आणि सगळ्यांसमोर ते समजावून सांगायचं. रोज गुण. आठवड्याला अहवाल. गुणांप्रमाणे तुकडी वर किंवा खाली.

वाचताना मला आमच्या मोहल्ल्यातला मक्तब आठवला. तिथंही सबक घरून पाठ करून यायचा आणि उस्तादांसमोर बसून सुनवायचा. उस्तादांचं काम ऐकण्याचं आणि चूक पकडण्याचं. फरक इतकाच की तिथं अडखळलो तर फक्त उस्तादांना कळायचं, फळ्यापाशी अडखळलेला साऱ्या तुकडीला दिसतो.

फळा ही त्या काळी अमेरिकेत नवलाईची वस्तू होती, हे आपल्याला आज खरं वाटत नाही. वेस्ट पॉइंटमध्ये तो रुजवणाऱ्यांत क्लॉडियस क्रोझे या फ्रेंच अभियंत्याचं नाव घेतात. १८१६ मध्ये ते तिथं शिकवायला आले, तेव्हा त्यांना इंग्रजी पुरेसं येत नव्हतं आणि त्यांच्या भूमितीचं इंग्रजीत पुस्तकही नव्हतं. मग भिंतीवर आकृती काढून बोलण्यावाचून उपाय काय? पुढे १८२१ मध्ये पुस्तकही त्यांनीच लिहिलं. ज्याला भाषा अडते तो आकृतीकडे वळतो, ही गोष्ट मला फार आवडली.

हा फळा सैनिकी छात्रांनी मुकाट्याने स्वीकारला. हुकूमच तसा होता. पण नागरी महाविद्यालयांत तो पोहोचला आणि ठिणगी पडली. येल कॉलेज, १८३०. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शांकवांची भूमिती होती, म्हणजे शंकू निरनिराळ्या तिरकसपणे कापला की जे वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त वगैरे मिळतात, त्यांचं गणित. तोवर रीत अशी होती की सिद्धता म्हणून दाखवताना पुस्तकातली आकृती समोर ठेवायची मुभा होती. आता सांगितलं गेलं, आकृती फळ्यावर स्वतः काढा आणि मग बोला.

मुलं म्हणाली, नाही.

पाच वर्षांपूर्वी, १८२५ मध्येही याच विषयावरून वर्ग बिघडला होता, पण ते प्रकरण निभावलं होतं. १८३० मध्ये मुलांनी एकी केली आणि त्या पद्धतीने परीक्षा द्यायला नकार दिला. कॉलेजही हटलं नाही. ९६ जणांच्या वर्गातून ४३ जणांना काढून टाकलं. एवढ्यावर न थांबता आसपासच्या महाविद्यालयांना कळवलं की यांना प्रवेश देऊ नका. काढलेल्यांत उपराष्ट्राध्यक्ष कॅलहून यांचा मुलगाही होता. म्हणजे कॉलेजने कुणाची भीड ठेवली नाही, असं म्हणावं लागतं. इतिहासात हे ‘शांकवांचं बंड’ म्हणून नोंदलेलं आहे.

मी या प्रसंगाकडे परत परत जातो. मुलांना गणित शिकवण्याची एक पद्धत मान्य आहे की नाही, याचं इतकं स्वच्छ उत्तर त्यानंतर क्वचितच कुणी दिलं असेल. जवळजवळ निम्मा वर्ग उठून गेला. आजच्या फॉर्ममध्ये ती सगळी उत्तरं ‘एक’ पडली असती. आणि तरीही मजा बघा, चूक मुलांची होती! आकृती स्वतः काढल्याशिवाय भूमिती येत नाही, हे आज कुणीही सांगेल. पुढच्या काळात फळा जगभरच्या शाळांत गेला आणि आमच्या सरांच्या हातात खडू आला. काढलेल्या ४३ जणांपैकी काहींचं आयुष्य मात्र त्या आकृतीपायी दुसऱ्याच वाटेला लागलं असणार. मुलांना आवडलं नाही म्हणजे ते वाईट नव्हतं, आणि कॉलेज बरोबर होतं म्हणून तिथं न्याय झाला असंही मला म्हणवत नाही. का नको, हे त्यांना कुणी नीट विचारलं असतं, तर कदाचित ‘सगळ्यांसमोर चुकायची भीती वाटते’ एवढंच निघालं असतं.

विचारायची पद्धत यायला मग शंभर वर्षं गेली. १९२० च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी विद्यार्थ्यांकडून शिक्षकांचं मूल्यमापन करून घेण्याचा तक्ता तयार केला. आणि १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने माणसाची मतं मोजायची एक सोपी युक्ती छापली. एक विधान द्यायचं, त्याच्यापुढे पाच पायऱ्या ठेवायच्या, पूर्ण पसंत ते पूर्ण नापसंत. पायऱ्यांना आकडे द्यायचे आणि बेरीज करायची. बस्स. माझ्या भाचीच्या मोबाइलवरचे पाच गोल ते हेच. लिकर्टनी ते बनवलं होतं वंश, साम्राज्यवाद आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांविषयी लोकांची मतं काय आहेत, हे पाहण्यासाठी. तिथून ते साबणापासून सरकारपर्यंत सगळीकडे पोहोचलं.

राहिली ती विधानं. ‘उपयुक्त वाटते’ आणि ‘सोपं जातं’, ही जोडी कुठून आली? तिचे कर्ते फ्रेड डेव्हिस. १९८९ मध्ये त्यांनी जो लेख छापला त्याचा प्रश्न साधा होता. कचेरीत नवा संगणक आणला, नवी प्रणाली बसवली, तर माणसं ती वापरतील की नाही? डेव्हिस म्हणाले, दोन गोष्टी विचारा. याने तुमच्या कामाला मदत होईल असं वाटतं का, आणि हे वापरायला सोपं वाटतं का. प्रत्येकीसाठी त्यांनी सहा-सहा विधानं घासूनपुसून ठेवली. दोन पाहण्यांत मिळून १५२ माणसं आणि चार संगणक प्रणाली, त्यांत एक साधी ई-मेलची. निष्कर्ष निघाला की ‘सोपं’पेक्षा ‘उपयोगाचं’ हे वजनदार ठरतं. कामाला येत असेल तर माणूस थोडा त्रास सोसतो. हा ‘तंत्रज्ञान-स्वीकारा’चा नमुना अतोनात गाजला. २००३ मध्ये डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आणखी मोठं रूप दिलं आणि भोवतालच्या माणसांचा दबाव नि हाताशी असलेल्या सोयी, या दोन गोष्टीही त्यात घेतल्या.

उलटा वर्ग व्हिडिओवर चालतो, व्हिडिओ म्हणजे तंत्रज्ञान, तेव्हा मुलांनी तो कितपत स्वीकारला हे मोजायला संशोधकांनी कचेरीतली ही फूटपट्टी उचलली. उचलली याला माझी हरकत नाही. पण कचेरीतल्या कारकुनाला ई-मेल नाही आवडला तर तो फोन उचलू शकत होता. भाचीच्या वर्गात दुसरा रस्ता कुठं आहे? व्हिडिओ पाहिला नाही तर दुसऱ्या दिवशी बाकावर उदाहरण सुटत नाही, उदाहरण सुटलं नाही तर अंतर्गत गुण जातात. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराचं वजन किती धरायचं? दुसरं, डेव्हिस यांच्या कामात माणसं ती प्रणाली किती वापरतात किंवा वापरणार आहेत, हेसुद्धा त्यांनीच सांगितलेलं होतं. मोजलं जातं ते माणसाचं म्हणणं. गणित आलं की नाही, हा प्रश्न त्या फॉर्मच्या बाहेरच राहतो.

आम्हा कवींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुशायऱ्यात ज्या शेरावर छप्पर उडेल अशी दाद मिळते, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला आठवेलच असं नसतं. आणि ज्या ओळीवर सभागृह गप्प बसलं होतं, ती एखादा म्हातारा वीस वर्षांनी रस्त्यात थांबवून म्हणून दाखवतो. माझ्या बाबतीत हे एकदाच घडलंय, पण घडलंय.

वर्गातही असंच होतं, याचा एक सुरेख पुरावा २०१९ मध्ये पुढे आला. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग. विषय भौतिकशास्त्राचा, आणि वर्ग नेमका उलटा नव्हता, पण तत्त्व तेच. मुलांचे दोन गट पाडले. एकाला अनुभवी प्राध्यापकाने घोटून तयार केलेलं व्याख्यान ऐकवलं. दुसऱ्याला तीच उदाहरणं आधी स्वतः झगडून सोडवायला लावली आणि मग उत्तर समजावलं. पुढच्या पाठाला गटांची अदलाबदल केली. प्रत्येक पाठानंतर दोन गोष्टी मोजल्या, किती शिकलो असं वाटतं आणि प्रत्यक्षात किती आलं. झगडलेल्या मुलांना जास्त आलं होतं. पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं! ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः करायला गेलं की ठेचा लागतात, आणि त्या ठेचांना पोरं ‘न समजणं’ म्हणतात. आमच्या सरांच्या भरलेल्या फळ्याकडे बघताना मलाही क्षणभर समजल्यासारखं वाटायचं. ‘हो सर’ हा निव्वळ खोटेपणा नव्हता तर.

मग उलट्या वर्गाने गणित येतं का? हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१७ मध्ये केवळ गणिताच्या वर्गांवरचे २१ तुलनात्मक अभ्यास एकत्र केले. त्यांचं उत्तर आलं, फायदा आहे, पण लहान. याहून मला बोलका वाटला तो प्रयोग २०२१ मध्ये छापून आला, आणि झाला होता कुठं म्हणाल तर वेस्ट पॉइंटमध्येच, थेअरसाहेबांच्या अंगणात. एलिझाबेथ सेट्रेन आणि सहकाऱ्यांनी गणित आणि अर्थशास्त्र हे दोन विषय घेतले आणि कुठल्या तुकडीला उलटा वर्ग मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. अर्थशास्त्रात काहीच फरक पडला नाही. गणितात सुरुवातीला फायदा दिसला, पुढे सरासरीतून तोही विरला. पण सरासरीच्या पोटात शिरल्यावर निराळंच दिसलं. जो काही फायदा झाला तो मुख्यतः गोऱ्या, मुलगे असलेल्या आणि आधीपासून हुशार छात्रांचा. त्यांच्यातलं आणि बाकीच्यांतलं अंतर वाढलं, आणि फायदा विरला तरी ते अंतर टिकून राहिलं.

लक्षात घ्या, ही सैनिकी अकादमी आहे. सगळे एकाच आवारात राहतात, एकाच भोजनगृहात जेवतात, दिवसाचं वेळापत्रक सगळ्यांचं सारखं. तिथं असं, तर जिथं एका पोराला स्वतंत्र खोली आणि दुसऱ्याला चौघांत एक खोली, तिथलं काय? घरी पाठवलेला धडा ज्याच्या त्याच्या घराच्या आकाराचा होतो.

एवढं म्हटल्यावर व्हिडिओच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सलमान खान हा अमेरिकेतला तरुण (आपला चित्रपटातला नव्हे) २००४ मध्ये बोस्टनमध्ये नोकरी करता करता दूर न्यू ऑर्लीन्समधल्या आपल्या चुलत-मावस भावंडांना फोनवरून गणित शिकवायचा. २००६ मध्ये त्याने पाठ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. त्याने पुढे २०११ च्या भाषणात हसत सांगितलं की भावंडांना तो प्रत्यक्षापेक्षा यूट्यूबवर जास्त आवडायला लागला. कारण व्हिडिओ थांबवता येतो. मागे नेता येतो. तीच गोष्ट पाचव्यांदा विचारताना समोरच्याच्या कपाळावर आठी दिसत नाही. मला शाळेत असा एक सर मिळाला असता, ज्याला मागे नेता येतं, तर कोण जाणे, मी बी.ए.ला दुसरंच काही घेतलं असतं.

हे सगळं मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही भाचीला ऐकवलं. येलच्या ४३ जणांवर ती बराच वेळ अडली होती. “आणि त्यांना खरंच कुठं घेतलं नाही?” असं दोनदा विचारलं. फॉर्म अजून पाठवलेला नव्हता, मुदत दुसऱ्या दिवशी रात्री बाराची होती. मी विचारलं, “तुला खरं काय वाटतं ते तर सांग.” ती म्हणाली, व्हिडिओ चांगले आहेत, दोनदा पाहिले की कळतात. हॉस्टेलच्या मुली एकाच्या मोबाइलवर चौघी मिळून बघतात, त्यांना मागे नेता येत नाही, कारण चौघींचं अडतं चार ठिकाणी. आणि वर्गात सर फिरतात ते पहिल्या तीन बाकांत. तिथं प्रश्न विचारणारी मुलं बसतात. मागे येईपर्यंत घंटा होते.

“मग हे कुठल्या विधानात बसतं?”

तिने खालपर्यंत पाहिलं. कुठंच बसत नव्हतं. अगदी शेवटी ‘इतर काही सूचना असल्यास’ म्हणून एक चौकोन होता, सक्तीचा नसलेला. चार-चार तिने तसेच ठेवले. चौकोनात टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं. मग मोबाइल माझ्यापुढे धरला, शुद्धलेखन बघा म्हणाली. लिहिलं होतं, ‘सर, आठवड्यातून एक दिवस मागच्या बाकांपासून सुरुवात कराल का?’

शुद्धलेखन ठीक होतं. तिने बटण दाबलं तेव्हा बाराला दहा कमी होते.